नळीतली पालखी

निजामाच्या राज्यात कांदा खाण्यासाठी नसून बघण्यासाठी असतो असं मानणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या नशिबी दीर म्हणून आला. जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान आणि दुकानामागे घर. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की टोपलीतला कांदा चिरायला घ्यावा तर त्याचा एक पापुद्रा कोणीतरी आधीच सोलून नेलेला असतो. उंदीर म्हणावा तर इतका नीटनेटका उंदीर मी माहेरी पाहिला नव्हता. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला आणि माडीकडे बोट केलं. वर माझे धाकटे भाऊजी खिडकीच्या उजेडात बसले होते. सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा कपाळावर चढवलेला, कांद्याचा पापुद्रा काचेवर पसरलेला, आणि एक डोळा पितळी नळीत. मला बघून उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आलात ते बरं झालं. घरात बघणारं माणूस नव्हतं." नव्या नवरीला दिराने इतक्या मानाने काही म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. कांद्यांचं भांडण मी तिथेच सोडून दिलं.

ती नळी म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्र. पण एवढा मोठा शब्द घरात फक्त भाऊजी वापरत, आम्ही बाकीचे नळीच म्हणत असू. विलायतेला परत निघालेल्या एका डॉक्टरसाहेबाकडे भाऊजी डोळे दाखवायला जात. त्याने जाताना ती भाऊजींना देऊन टाकली. पेटीतून काढून दाखवली, हा बाजूचा पितळी पेच फिरवला की दिसतं एवढं सांगितलं, आणि आगगाडी गाठायला निघून गेला. पुढचं सगळं भाऊजी एकटे शिकले. दिवसा ते जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या काट्यावर कारकून होते, पण गाडीवान पुढे ओरडत असताना हे बोटावर एकच तंतू घेऊन त्याच्याकडे बघत उभे. चालतानाही त्यांचं लक्ष कुठे असायचं कोण जाणे. मोती तलावाच्या काठाने येताना एकदा ते सरळ पाण्यात उतरले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून आत काय असेल याचा विचार करत राहिले. घरी आले ते ओल्या धोतराने आणि तांब्याभर हिरवं पाणी घेऊन. तांब्या माझा होता, देवपूजेचा.

सुट्टीच्या दिवशी नळी पेटीत घालायची, पेटी खांद्याला लावायची आणि जिथे आठवडी बाजार असेल तिथे जायचं, हा त्यांचा नेम. भोकरदन, अंबड, माझ्या माहेरचं केदारखेडा, असा तो फेरा चाले. चिंचेखाली तिवई मांडून त्यावर नळी, नळीखाली तळ्याच्या पाण्याचा एक थेंब. आधी चष्मा काढून स्वतः बघायचे, पेच केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे करायचे, आणि मग ओळीतल्या पहिल्या माणसाला बोलवायचे. पेचाला मात्र कोणी हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद. माणसाने डोळा लावला न लावला तोच यांचं सांगणं सुरू होई. ती बघा पालखी चालली, कडेकडेला केसांचे भोई आहेत, हजार भोई, आणि आत कोणी बसलेलं न्हाई. ती बघा देठावरची घंटा, हात लागला की लाजून मिटते. ते हिरवे मणी ओवलेत, ते कोणी ओवले ते विचारू नका, मीही विचारून राह्यलोय. आवाज असा की उन्हात उभ्या माणसाच्या डोळ्यांवर झापड यावी आणि त्या झापडीत पालखी निघावी. शेवटी विचारायचे, "दिसलं ना?" आणि माणूस म्हणायचा, "दिसलं, दिसलं." मंग पुढचा.

त्यांचं लग्न जमलं नाही त्यालाही नळीच कारण. परतूरकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं, बोलणी सुपारीपर्यंत आली होती. भाऊजींनी मुलीच्या वडिलांना त्यांच्याच घरच्या रांजणातला थेंब दाखवला, आणि त्यात कोण कोण नांदतं, कोण कोणाला गिळतं, ते फार प्रेमाने समजावून सांगितलं. ते गृहस्थ "दिसलं, दिसलं" म्हणाले, पानाचं तबक मागे सारलं, आणि त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. भाऊजींना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. रांजण मात्र बघण्यासारखा होता, असं पुढे कितीतरी दिवस म्हणत होते.

कोणी शिकवणारं नाही म्हटल्यावर ते ज्याच्या त्याच्याकडून शिकत. बाजारात दंतमंजन विकणारा आवाज कुठे चढवतो, हे बघायला दोन बाजार त्याच्यासमोर उभे राहिले आणि नको असलेल्या मंजनाच्या चार पुड्या घेऊन आले. कासार बांगडी चढवताना बोलत बोलत हात कसा मऊ करून घेतो, हे बघायला आमच्या ओसरीवर कासारापाशी इतके चिकटून बसले की त्या बिचाऱ्याच्या हातून दोन बांगड्या फुटल्या. मग शिकलेलं सगळं घरी पक्कं करायचं. मी भाकरी थापत असले की चुलीपुढे येऊन उभे राहत आणि म्हणत, "वहिनी, जरा बाजार व्हा." मी बाजार होत असे. एका हाताने भाकरी उलटायची आणि दुसऱ्या बाजूला "अहो, आम्हाला जल्दी आहे, लवकर दाखवा" असा गलका करायचा. कधी म्हातारा बाजार, कधी हसणाऱ्या पोरींचा बाजार, कधी बैल सुटलेला बाजार. आणि बाजार झाल्यावर बघणारी व्हायचं, नळीत डोळा घालायचा, आणि "दिसलं ना" म्हटलं की "दिसलं" म्हणायचं. सासूबाई म्हणत, या घरात वेडे दोन का एक, तेच कळेना.

पण या सगळ्या गमतीखाली भाऊजींना एक दुःख होतं, आणि ते त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. एका दुपारी कांदा सोलताना मधेच थांबले. म्हणाले, "वहिनी, गवंड्याला गवंडी भेटतो, सोनाराला सोनार भेटतो. एकमेकाचं काम बघून नाक मुरडतात, त्यानं हात सुधारतो. मी इतकी वर्षं सांगून राह्यलोय, लोक चांगलंच म्हणतात. माझं काम बघून नाक मुरडणारा या मुलखात एक तरी असंल का न्हाई?" मी खाली बघून चुलीत काटकी सारली. ते मी खाली का बघितलं, ते पुढे सांगते.

तो नाक मुरडणारा शोधायचा, असं त्यांनी मनावर घेतलं. बाजारात कोणी सांगितलं की अमक्या गावाला एक माणूस असलंच काही दाखवतो, की लगेच त्याला जोडकार्ड जायचं, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं. अक्षर माझं, मजकूर भाऊजींचा. त्यांचं स्वतःचं अक्षर नळीखाली ठेवूनही लागलं नसतं. वर्षभरात तिघांची उत्तरं आली. भोकरदनकडचे एक बुवा होते, कीर्तनात आख्यान लावण्याआधी पटकीवर बोलत आणि लोकांना पाणी उकळायला सांगत. परतूरचे एक कंपाउंडर लोणच्याच्या बरणीत डास पाळत आणि हिवताप कसा येतो ते गावोगाव दाखवत. आणि अंबडच्या शाळेतले एक मौलवीसाहेब पोरांना आपल्या छोट्या दुर्बिणीतून चंद्र दाखवत. भाऊजी ती तीन कार्डं उशाशी घेऊन निजत. चौघांनी एकदा एकत्र बसायचं, एकमेकांचं बघायचं, एकमेकांना विचारायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घोळू लागलं.

पण त्या काळी चार माणसांनी ठरवून जमायचं म्हणजे सभा, आणि सभेला कचेरीची परवानगी. भाऊजी उर्दूत अर्ज लिहवून घेऊन गेले. पेशकाराने विचारलं, विषय काय. हे म्हणाले, पाण्याचा थेंब. थेंबात काय आहे? आता गप्प बसावं की नाही, पण भाऊजींना कोणी विचारलं आणि ते थोडक्यात आटोपले असं कधी झालं नाही. म्हणाले, हजारोंनी जमून राह्यलेत, रात्रंदिवस हालचाल चालू आहे, आणि साध्या डोळ्यांना बिलकुल पत्ता लागत न्हाई. पेशकाराने कलम खाली ठेवलं. अर्ज कचेरीतच फिरत राहिला आणि भाऊजी घरी येऊन तोंड पाडून बसले. शेवटी मीच म्हटलं, हुरड्याला बोलवा की. माझ्या भावाच्या शेतात जवारी उभी आहे. हुरडा खायला कोणी परवानगी मागतं का? भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच अभिमान वाटला.

तर त्या पौषात केदारखेड्याला माझ्या भावाच्या बांधावर आगटी पेटली. गोवऱ्यांचा निळसर धूर जवारीवर तरंगत होता, ऊन कोवळं होतं, आणि लांबच लांब पसरलेल्या शेतात आवाज म्हणून नव्हता. भाऊजी धुतलेलं धोतर नेसून पहाटेपासून वाटेकडे डोळे लावून उभे. एकेक करून तिघे आले, आणि मग जी चूक झाली ती फक्त याच लोकांच्या हातून होऊ शकते. चौघेही सांगायला आले होते, ऐकायला कोणीच आलं नव्हतं. कंपाउंडरांनी बरणी पुढे केली आणि सुरू झाले. बुवांनी पटकीवर सूर लावला. भाऊजींनी पालखी काढली. तिघे एकाच वेळी, तिघेही रंगात, आणि समोर श्रोते कोण, तर माझा भाऊ, त्याचा सालगडी आणि दोन बैल. माझी भावजय कणसं चोळता चोळता माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अवो वन्सं, ह्यांना जेवायला वाढल्यावर तरी गप बसतील का?" मी हसले, पण मनात गलबललं. एवढी वर्षं थांबलेला माणूस, आणि त्याचं कोणी बघतच नव्हतं.

मौलवीसाहेब तेवढे बोलले नव्हते. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी, बांधाच्या कडेला बोरं खात बसले होते. ते उठले आणि नळीपुढे जाऊन बसले. भाऊजी धावले, चष्मा काढून पेच जुळवला, बाजूला झाले आणि सांगू लागले, ती बघा पालखी. मौलवीसाहेबांनी डोळा न काढता एक हात वर केला. भाऊजी थांबले. मौलवीसाहेब बघत राहिले, खूप वेळ बघत राहिले. भाऊजींना राहवेना, विचारलं, "दिसलं ना?"

"न्हाई," मौलवीसाहेब म्हणाले. "मला काहीच दिसत न्हाई."

बुवा गप्प झाले, कंपाउंडर गप्प झाले. मौलवीसाहेबांनी हळू आवाजात विचारलं, भाईसाब, आपण चष्मा काढून बघता? हो. आणि पेच आपल्या डोळ्याला बसेल तसा लावता? हो. "मंग दुसऱ्यांच्या डोळ्यांचं काय?" त्यांनी आपली दुर्बीण काढून दाखवली. माझ्या शाळेतला एकेक पोरगा आपल्या हातानं नळी मागेपुढे करतो, म्हणाले, एकाचं दुसऱ्याला चालत न्हाई. मग त्यांनी पेचाकडे हात नेला आणि परवानगीसाठी भाऊजींकडे बघितलं. ज्या माणसाने सख्ख्या भावाला त्या पेचाला बोट लावू दिलं नव्हतं, त्याने मान हलवली. मौलवीसाहेबांनी पेच जरासा फिरवला, आणखी जरासा, आणि थांबले. "सुभानल्ला," ते पुटपुटले. "पालखी आहे." उठताना त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आणखी एक. दिसलं का, असं विचारू नका. त्याला माणूस अदबीनं हो म्हणतो. काय दिसतं, ते विचारा.

दुपारी पाहुणे गेले. भाऊजी विझत आलेल्या आगटीपाशी बसून राहिले. मी भांडी गोळा करत होते. मी जवळून जात होते तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला दिसायचं?" खोटं बोलायची मला नऊ वर्षांची सवय होती, पण त्या वेळी जीभ उचलेना. मी म्हटलं, "न्हाई भाऊजी. एकदाही न्हाई. माझ्याच पापण्या दिसायच्या." ते म्हणाले, मंग नऊ वर्षं "दिसलं" असं का म्हणालात? काय सांगू त्यांना? पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात की घरात बघणारं माणूस नव्हतं, मंग मला दिसत न्हाई हे कोणत्या तोंडानं सांगणार होते? आणि मी एकटी कुठे होते? अंबडचा बाजार, भोकरदनचा बाजार, ते परतूरचे गृहस्थ, सगळा मुलूख त्यांचं मन राखत आला होता. न दिसलेल्या थेंबावरून त्या गृहस्थांनी सोयरीक मोडली होती. मी एवढंच म्हटलं, "तुम्ही सांगायचात ते दिसायचं. पालखी, भोई, देठावरची घंटा. बराबर दिसायचं." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मग म्हणाले, "नाक मुरडणारा भेटला, वहिनी. लई उशिरा भेटला, पण भेटला." ते हसत होते. मला मात्र रडू आवरेना, तशी मी भांडी उचलून विहिरीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या माहेरच्या अंगणात त्यांनी नळी मांडली, माझा हात धरून पेचावर ठेवला आणि लांब जाऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत. मी पेच फिरवला, तर नुसतं धुकं. उलटा फिरवला, तर धुकं विरळ झालं, आणि त्यातून एक फिकट, बारीकसं काहीतरी संथपणे आलं, कडेला खरंच केस होते, आणि ते आपल्या मनाने वळलं. भाऊजींच्या पालखीला मी नऊ वर्षं मनातल्या मनात भगवं छत घातलं होतं, झालर लावली होती. या पालखीला काही नव्हतं. पण ही चालत होती, आणि कोणी सांगितलं नव्हतं तरी चालत होती. "काय दिसतं?" त्यांनी लांबूनच विचारलं. मी सांगत गेले, आणि जन्मात पहिल्यांदा ते ऐकत बसले.

त्यानंतर भाऊजींनी काय करावं? जिथे जिथे म्हणून नळी दाखवली होती, त्या प्रत्येक गावी पुन्हा गेले. लोक म्हणत, अहो, आम्ही बघितलंय की. हे म्हणत, न्हाई, चूक माझी होती, पुन्हा बघा. प्रत्येकाचा हात पेचावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. पूर्वी एका बाजारात शंभर माणसं व्हायची, आता दहा झाली तर पुष्कळ. भोकरदनच्या एका म्हाताऱ्याने मात्र बघून झाल्यावर तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, पहिलं जास्त चांगलं दिसायचं. भाऊजी ते सगळ्यांना सांगून हसत. आणि पुढच्या पौषापासून हुरड्याचा एक नियमच झाला, की प्रत्येकाने येताना आपली एक चूक घेऊन यायची, आणि आधी ती सांगायची, मग कणसाला हात लावायचा. बुवांनी सांगितलं की लोक पाणी बराबर उकळतात, आणि मंग गार व्हावं म्हणून त्यात आडाचं कच्चं पाणी ओततात, ते सांगायचं राहूनच गेलं होतं. कंपाउंडरांनी मान खाली घालून कबूल केलं की बरणीत इतकी वर्षं भलताच डास होता. चौघे एकमेकांच्या चुकांना अशी दाद देत की माझी भावजय म्हणे, ह्या लोकांचं काही खरं न्हाई.

असे तीन हुरडे झाले. राज्याची तेवढीच वर्षं उरली होती हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? मग दंगली-पळापळीची ती धामधूम आली. बाजार बसेनात, टपाल अडकून पडू लागलं, आणि राज्य गेलं. मौलवीसाहेब लेकीकडे हैदराबादला गेले ते अंबडला परत आले नाहीत. त्यांची कार्डं मात्र येत. सलाम-दुवा आणि खाली एकच ओळ, आता काय दिसतं? भाऊजी मजकूर सांगत आणि मी लिहीत असे, कांद्याबद्दल, शेवाळाबद्दल, कापसाच्या तंतूबद्दल. एके वर्षी कार्ड आलं नाही. भाऊजींनी तरीही उत्तर लिहवून घेतलं आणि पेटीत ठेवून दिलं. पुढे काही वर्षांनी तेही गेले.

नळी आता माझ्या खिडकीत असते. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, मला धुकंच दिसतं, त्यामुळे सवयीचंच वाटतं. परवा शेजारची नवी सून विरजण मागायला आली आणि नळीकडे बघत उभी राहिली. मी तांब्यातला एक थेंब काचेवर सोडला, म्हटलं, बघ. तिने डोळा लावला. माझ्या ओठांवर पालखी आली होती, भोई आले होते, मी ते आवरले आणि विचारलं, काय दिसतं?

"काही न्हाई दिसत, काकी," ती म्हणाली.

किती सहज म्हणाली पोर. हे एवढंसं वाक्य ऐकायला एक माणूस नऊ वर्षं बाजारोबाजार हिंडला होता, आणि ते त्याला सगळ्यात आधी मी सांगायचं होतं. मग मी तिचा हात धरून पेचावर ठेवला आणि गप्प बसून राहिले.